चार दिवस सरकार कुठं होतं?

(आटपाडीच्या शिबिरात झालेलं भाषण. 1999)



जंगलपट्टीतून तुम्ही इतक्या लांब आमच्या माणदेशात आलात. इथं जंगल नाही, बाभळी आहेत आणि मेंढरं आहेत. सकाळपासून आपण जमिनीचं बोललो. आता मला मुंबईच्या दंगलीवर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, मुंबईचं आम्हाला काय? थोडं ऐका, मग ठरवा.

सातारा-सांगलीच्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतं. कोण गिरणीत, कोण माथाडी, आणि आटपाडी-विट्याकडची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. मुंबई पेटली की इथं चूल पेटत नाही.

6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली आणि त्याच रात्री मुंबईत सुरू झालं. पाच दिवसांनी जरा निवलं. मग महाआरत्या सुरू झाल्या, दोन्हीकडं अफवा फिरल्या. 5 जानेवारीच्या रात्री डोंगरीत चार माथाडी कामगार मारले गेले. माथाडी म्हणजे बहुतेक आमच्याच घाटावरची माणसं. तिथून जे पेटलं ते 20 जानेवारीपर्यंत. दोन्ही वेळचे मिळून 900 माणसं मेली. त्यात 575 मुसलमान, 275 हिंदू. 45 जणांची तर जातधर्म काय, हेही कळलं नाही.

सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. शरद पवार दिल्लीत संरक्षणमंत्री. दोघांचं पटत नव्हतं हे अख्ख्या राज्याला माहीत. लष्कर शहरात आलेलं होतं, गाड्या रस्त्यानं फिरत होत्या. पण दंगल मोडायला त्या लष्कराचा नीट वापर करायचा का नाही, ह्या विचारात 6 ते 10 जानेवारी असे चार मोलाचे दिवस गेले. पोलिस कमिशनरला उलटसुलट हुकूम जात राहिले. हे माझ्या मनचं सांगत नाही. हायकोर्टाचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगानं लिहून ठेवलंय.

चार दिवस! पेटलेल्या चाळीतल्या बाईला चार दिवस म्हणजे काय?

आता दुबळं सरकार कशाला म्हणायचं बघा. पोलिस होते, बंदुका होत्या. डिसेंबरात गोळीबार भरपूर झाला, गरजेपेक्षा जास्तच झाला. हात बळकट होता, कान बंद होते. असलं सरकार तुम्हाला नवीन नाही. झोपडी मोडायला वनखात्याचा गार्ड सकाळी सातला हजर. 31 मार्च 1978 च्या आधीपासून ही जमीन आम्ही कसतोय, बांधावर येऊन बघा, म्हणलं की वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही. तिकडं फाइल फिरते, इकडं माणूस म्हातारा होतो.

मार्च 1993 मध्ये नाईक गेले, पवार आले. त्याच महिन्यात बॉम्बस्फोट झाले, 257 माणसं मेली. पुढं युतीचं सरकार आलं. त्यांनी जानेवारी 1996 ला आयोगच बरखास्त केला, मग मे महिन्यात पुन्हा चालू केला. अहवाल 1998 च्या फेब्रुवारीत सरकारच्या हातात आणि ऑगस्टमध्ये विधानसभेत आला. त्यात शिवसेनेच्या पुढाऱ्यांवर ठपका आहे, 31 पोलिसांची नावं आहेत. मनोहर जोशींच्या सरकारनं तो हिंदूविरोधी म्हणून बाजूला सारला. पण एक झालं. साध्या माणसांनी न्यायमूर्तींसमोर उभं राहून सांगितलं ते कागदावर राहिलं. तो कागद आता कोणाला पुसता येत नाही.

सगळा दोष सरकारचाच, असं म्हणून मी सुटणार नाही. 1948 साली गांधीजींच्या खुनानंतर आमच्या ह्याच सातारा-सांगली-कोल्हापूर मुलखात ब्राह्मणांची घरं जाळली. खून केला एका टोळीनं आणि जळालं कोणाचं तरी भलत्याचंच घर. जाळणारे काही दिल्लीहून आले नव्हते. आमच्या तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'वावटळ' कादंबरीत ते लिहिलंय. वाचता येणाऱ्या पोरांनी मिळवून वाचावी, मोठ्यानं वाचावी.

आणि आता तुमच्या दाराशी काय आलंय? गेल्या नाताळात गुजरातच्या डांगमध्ये ख्रिस्ती आदिवासींची प्रार्थनाघरं जाळली. डांग म्हणजे आपल्या नाशिक-धुळ्याला लागून. तिथं जवळजवळ सगळा आदिवासीच, जाळलं त्याचं आणि जाळायला लावलं तेही त्याच्याच भावाला. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी तिथं गेले, आणि म्हणाले काय, तर धर्मांतरावर देशात चर्चा व्हावी. डांगच्या माणसाला जंगलाचा हक्क पाहिजे, मजुरी पाहिजे. त्याच्या जळालेल्या घरासमोर उभं राहून चर्चा कसली काढता?

म्हणून सांगतो, यात आपली जमीन अडकलेली आहे. महाराष्ट्रातल्या वनजमिनींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1995 साली सांगितलं, कागद नसला तरी दुसरा पुरावा बघा. दुसरा पुरावा म्हणजे काय? शेजाऱ्याची साक्ष. म्हाताऱ्याची साक्ष. उद्या पाड्यात भगत मानणारा एकीकडं आणि येशू मानणारा दुसरीकडं बसला, तर तुमच्या बांधाची साक्ष कोण देणार? पंचनाम्यावर अंगठा कोणाचा घेणार? वनखात्याला काहीच करावं लागणार नाही, नुसतं बघत बसायचं.

पाड्यात कोणी बाहेरचा येऊन सांगायला लागला की अमक्यांनी देव बाटवला, तमक्यांनी गाय कापली, तर त्याला चहा पाजा आणि सगळ्यांसमोर बसवा. कुठं, कधी, कोणी बघितलं, हे विचारा. लिहून घ्या. खाली त्याची सही घ्या. सही मागितली की निम्मे तिथंच उठतात. ज्याच्यावर आळ आहे त्यालाही त्याच बैठकीत बोलवा, मागं नको. आणि ज्या रात्री गडबड वाटेल त्या रात्री बायांनी दोन्ही वस्त्यांत मिळून जागायचं. ठाण्यात अर्ज द्याच, पोच घ्या, तारीख घाला. पण अर्ज दिला म्हणून झोपू नका. चार दिवस जाऊ शकतात.

आता जेवणं करून घ्या. मग गावनिहाय बसायचंय. दंडाच्या पावत्या ज्यांनी आणल्यात त्यांनी पुढच्या रांगेत बसा, ज्यांच्या भिजल्या-फाटल्यात त्यांनीही. साक्षीदारांची यादी करताना प्रत्येक दाव्याला दोन्ही वस्त्यांतली नावं पाहिजेत. एकाच वस्तीतली यादी आली तर मी परत देणार आहे.