राहून गेलेली गोष्ट

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जऊळका नावाचे एक लहान स्थानक आहे. 2008 साली हा मार्ग रुंद झाला आणि जुनी अरुंद रुळांवरची गाडी इतिहासजमा झाली. गावातील वृद्ध मंडळी त्या गाडीच्या गोष्टी अजून मोठ्या चवीने सांगतात. सायंकाळी पारावर बैठक जमली म्हणजे सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, नातवाची नोकरी, गुडघ्यांचे दुखणे, सारे विषय निघतात. दिवंगत पत्नीच्या आठवणीने एखाद्याचा कंठही दाटतो. परंतु तारुण्यात मनास चटका लावून गेलेली, आणि कधी शब्दांपर्यंत न आलेली एखादी ओळख? तिचा उच्चार तेथे सहसा होत नाही. कोणी चुकून त्या वाटेला गेलाच, तर “आता या वयात कशाला ते, भाऊ?” एवढे म्हटले की विषय मिटतो.

जऊळक्याचे हे मौन काही त्या गावचे वैशिष्ट्य नव्हे. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतूनही तेच आढळते. फरक इतकाच की तेथे विषय अधिक सफाईने बदलला जातो. म्हणूनच एका थोर पुरुषाने उतारवयात हे मौन कसे सोडले, ते पाहण्यासारखे आहे. त्या हकीकतीतील दुसरी व्यक्ती मराठी होती, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

मुंबईचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे ते अध्वर्यू. त्यांची कन्या अन्नपूर्णा, म्हणजेच अ‍ॅना, विलायतेस राहून आलेली, इंग्रजी उत्तम जाणणारी. 1878 साली या घरी एक बंगाली तरुण पाहुणा म्हणून आला. वय अवघे सतरा. थोरले बंधू सत्येंद्रनाथ अहमदाबादेस न्यायाधीश होते. धाकट्यास विलायतेस धाडण्यापूर्वी त्यास इंग्रजी बोलण्याचा व तिकडील रीतिरिवाजांचा सराव व्हावा, या हेतूने त्यांनी त्यास येथे ठेवले होते. हा तरुण म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर.

शिकविण्याचे काम अ‍ॅनाकडे आले. ती वयाने थोडी मोठी. शिष्यापाशी विद्वत्तेचे भांडवल बेताचेच. मग त्याने आपल्या कवितेचे भांडवल पुढे केले. तिने त्याच्याकडे स्वतःसाठी एक नाव मागितले. त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले, ते एका गीतात गुंफले, आणि ते गीत भैरवीत गाऊन दाखविले. आपण मरणशय्येवर असलो तरी हे गाणे आपणांस परत जिवंत करील, असा तिने त्यावर अभिप्राय दिला. काही आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, तो जहाजात बसून निघून गेला. एवढीच ही गोष्ट. वचन नाही, भांडण नाही. पुढे अ‍ॅनाचा विवाह हॅरल्ड लिटलडेल या बडोद्याच्या प्राध्यापकाशी झाला, आणि 1891 साली एडिंबरा येथे, ऐन तारुण्यात, तिचा अंत झाला. रवींद्रनाथांचा विवाह 1883 च्या डिसेंबरात झाला. वधूचे भवतारिणी हे नाव बदलून मृणालिनी ठेवले गेले, त्यात ‘नलिनी’ची छाया शोधणारे काही लोक आहेत, ती अटकळ बाजूस ठेवणेच बरे.

नवल आहे ते पुढे. 1940 साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी ‘छेलेबेला’ हे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात ही मुंबईची मुलगी आदराने व कृतज्ञतेने आली आहे. मधे बासष्ट वर्षे लोटली होती. अ‍ॅनास जाऊनही एकोणपन्नास वर्षे झाली होती. पत्नीच्या निधनासही अडतीस वर्षे झाली होती. या सांगण्याने कोणाचे काय बिघडले? मृणालिनीदेवींची थोरवी तसूभरही उणी झाली नाही. लाभ मात्र झाला. मुंबईच्या एका हुशार, हौशी मुलीचा हसरा चेहरा काळाच्या पोटात गडप होता होता वाचला.

येथे एक गोष्ट मात्र मनास टोचते. आपणांस कळते ती त्याची बाजू, तिची नव्हे. विवाहानंतरही ती ‘नलिनी’ हे नाव लेखनासाठी वापरीत असे, आणि तर्खडकरांच्या घरात एका भाच्याचे नाव रवींद्रनाथ ठेवले गेले, असे सांगतात. तिच्या बाजूचा पुरावा म्हणावा तर एवढाच. सुशिक्षित, विलायत पाहिलेल्या स्त्रीची ही कथा. मग वऱ्हाडातील खेड्यातल्या स्त्रीची काय असेल? जात्यावर बसून आमच्या आयाबायांनी ओवीत माहेर गाइले, भाऊ गाइला, विठ्ठल गाइला, सासुरवासही गाइला. राहून गेलेल्या माणसासाठी त्या जात्यावरही जागा फारशी नव्हती. पुरुषाने उतारवयात अशी आठवण सांगितली तर लोक मिश्किलपणे हसतात. स्त्रीने सांगितली तर हसत नाहीत, आणि ते न हसणेच अधिक जाचक असते. पारावरच्या मौनापेक्षा माजघरातले मौन पुष्कळ जड आहे, ही कबुली पुरुषांनी आधी द्यावयास हवी.

सांगण्यालाही अर्थात मर्यादा आहे. जिवंत माणसाच्या संसारात खडा पडेल असे सांगणे हा निव्वळ आततायीपणा होय. नाव गाळता येते, गाव बदलता येते, योग्य वेळेची वाट पाहता येते. श्रोता कोण, हेही पाहिले पाहिजे. मुलांना बहुधा संकोच वाटतो. नातवंडांना वाटत नाही. आजोबा एकेकाळी वीस वर्षांचे होते, ही बातमी त्यांस नवी असते, आणि बहुधा आवडतेही.

रवींद्रनाथांनीही ही आठवण सांगितली ती मुलांसाठीच लिहिलेल्या पुस्तकात. तुझ्या चेहऱ्याची रेषा झाकली जाता कामा नये, म्हणून दाढी कधी राखू नकोस, असे अ‍ॅनाने त्यांस बजावले होते. ते आपण मानले नाही, हे जगजाहीर आहे, असे ते थट्टेने कबूल करतात. आणि ही अवज्ञा आपल्या तोंडावर उमटलेली पाहावयास ती मात्र राहिली नाही, असे पुढे जोडतात.