कापशाचे पाय

रात्रीच्या शांततेत कुत्रा स्वतःचा पाय चावतो, तो आवाज तुम्ही ऐकलाय कधी? चप् चप्, मग दातांनी कुरतडणं, पुन्हा चप् चप्. 2019 च्या पावसाळ्यात आमच्या पडवीतून हा आवाज रोज यायचा. मी कवी माणूस. रात्री दोन ओळी जुळवायला बसावं, तर बाहेर कापशाचं सुरू! मी ओरडायचो. वर्तमानपत्राची सुरळी करून एक-दोनदा पाठीत घातलीही. एका रात्री तर जुन्या ओढणीची पट्टी त्याच्या तोंडाला बांधली. श्रोतेहो, हे सांगताना आज लाज वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो तोंड उघडून, धापा टाकून बाहेर घालवतो. त्याचं तोंड आवळून ठेवणं किती घातक, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कापशा आमचा म्हणावा तर आमचा, गल्लीचा म्हणावा तर गल्लीचा. पांढराशुभ्र, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं. झोपायला पडवी, उंबऱ्याच्या आत मात्र यायचं नाही. आम्हा कोकणातल्या मुसलमानांत कुत्र्याची लाळ लागली की ती जागा सात वेळा, त्यातली एक वेळ मातीनं, धुवायची रीत आहे. त्यामुळे भाकरी आणि पाणी ठेवण्यापलीकडे मी कधी त्याच्या जवळ गेलो नव्हतो. तोंड बांधल्याचं सकाळी अम्मीला कळलं. ती म्हणाली, ‘‘माती अंगणात आहे, पाणी विहिरीत आहे. सात वेळा धू हात. पण आधी त्याचा पाय बघ.’’

मुलानं त्याला खाण्यात गुंतवलं आणि मी पंजा उचलला. दुखऱ्या पायाला हात लावला की गरीब कुत्राही चावतो, म्हणून ही खबरदारी. बोटांच्या बेचक्यांत कातडी लालभडक, ओली, आंबूस वासाची. भोवतीचे पांढरे केस तांबूस झालेले. ती आमच्याकडची तांबडी माती असेल, असं मी इतके दिवस समजत होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘ही माती नव्हे. हा लाळेतल्या रंगद्रव्याचा डाग. बरेच दिवस चाटतोय हा.’’

मग त्यांनी मला सोपी रीत समजावली. कुत्रा एकच पाय चावत असेल, तर आधी त्या पायातच शोधा. काटा, कुसळ, तुटलेलं नख, बोटांमध्ये दडलेला गोचीड, तापलेल्या डांबरावर भाजलेला तळवा, नाहीतर सांध्याचं दुखणं. दोन-तीन किंवा चारही पाय चावत असेल, तर बहुधा ती कातडीची खाज. पिसवा, कातडीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, किंवा ॲलर्जी. ही ॲलर्जी घरातल्या धुळीची असते, परागकणांची असते, कधी कोंबडी वा दुधासारख्या रोजच्या खाण्याचीही असते. खाण्याचा संशय असेल तर डॉक्टर निदान आठ आठवडे वेगळा आहार देऊन पाहतात. त्या काळात एक बिस्किटसुद्धा चोरून द्यायचं नाही. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा कंटाळ्यानं, भीतीनंही पाय चावतो. त्याला फिरवलं, खेळवलं, चघळायला काही दिलं, तर फरक पडतो. पण ‘त्याला सवयच आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. मी तो पहिल्याच दिवशी काढला होता.

डॉक्टरांनी कापशाच्या बेचक्यात चिकटपट्टी दाबली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी निघाली. ही बुरशी निरोगी कातडीवरही थोडी असतेच. ओल मिळाली की माजते. खाज सुटते म्हणून कुत्रा चाटतो, चाटल्यानं ओल राहते, ओलीत बुरशी वाढते आणि बुरशीनं पुन्हा खाज सुटते. हे चक्र नुसतं दटावून कसं थांबावं?

औषधी शाम्पू मिळाला. आठवड्यातून दोनदा पंजांना लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, स्वच्छ धुवायचा. बाहेरून भिजून आला की पाय पुसायचे. गोचीड-पिसवांचं औषध वजनाप्रमाणे आणि नेमानं द्यायचं. जखम भरेपर्यंत गळ्यात प्लास्टिकची फनेलसारखी कॉलर. तिनं चावणं अडतं, कारण मात्र जात नाही. शेजाऱ्यांचे सल्ले होतेच, जळकं ऑईल लाव, रॉकेल चोळ. कुत्रा तेच चाटून पोटात घेईल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला विषासारख्या ठरू शकतात.

वजू करताना मी पायांच्या बोटांमधून ओलं बोट फिरवतो. एकही बेचकं कोरडं राहू नये म्हणून. दिवसातून पाच वेळा, लहानपणापासून. कापशाच्या बाबतीत नेमकं उलटं शिकावं लागलं: एकही बेचकं ओलं राहता कामा नये. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा धडा मिळाला.

महिन्याभरात पडवी शांत झाली. पण कापशा कायमचा बरा झाला, असं म्हणणार नाही. मुळाशी ॲलर्जी आहे, ती सांभाळत राहायची असते. दर पावसाळ्यात एखाद्या रात्री चप् चप् ऐकू येतंच. पूर्वी त्या आवाजाबद्दल माझी तक्रार असायची. खरं तर तक्रार त्याची होती, आणि सांगायला त्याच्यापाशी दुसरी भाषा नव्हती.

आता आवाज आला की मी वही मिटतो आणि खुंटीवरचं त्याचं फडकं घेऊन पडवीत जातो. कापशा न सांगता पाय पुढे करतो. पुसून झालं की विहिरीवर जाऊन हात धुतो. सात वेळा, त्यातली एक वेळ मातीनं. ओळ तोवर थांबते.