लोण्यातील थेंब आणि सांडपाण्याची शुद्धी

(वार्षिक संमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून आपण बहुधा वधूवर, वसतिगृह व शिष्यवृत्ती यांविषयी बोलतो. आज मी एका शास्त्रीय विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा मागतो. कारण आपल्या पाण्याशी व आपल्या मुलांच्या भवितव्याशी त्याचा निकट संबंध आहे.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लातूरकर बांधव तो दिवस विसरले नसतील. ज्या प्रदेशाला रुळांवरून पाणी आणावे लागले, त्याला वापरलेले पाणी घाण झाले म्हणून सोडून देणे परवडणारे नाही. परंतु कारखान्याच्या सांडपाण्यात विरघळलेले विष गाळणीत अडकत नाही. ते पाण्याबरोबरच खाली उतरते. मग ते वेगळे कसे करावे?

याचे एक उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. लोणी म्हणजे स्निग्ध पदार्थात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. म्हणूनच कढविताना ते तडतडते आणि पाणी उडून गेल्यावर तूप उरते. अशा मिश्रणास इमल्शन किंवा पायस म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ घासलेटासारख्या तेलात कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचे थेंब घोटून असेच पायस करतात, व थेंब एकत्र मिळू नयेत म्हणून त्यात साबणाच्या गुणाचा पदार्थ घालतात. हे पायस फेनॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या पाण्यात हलके ढवळले, की त्याच्या बारीक गोळ्या होतात. बाहेरचे पाणी आणि आतील सोडा यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा राहतो, तेच द्रवपटल. फेनॉल तेलात विरघळून पडदा ओलांडतो. आत सोड्याशी संयोग होऊन त्याचे लवण बनते. ते तेलात विरघळत नसल्याने त्याची परतीची वाट बंद होते. ढवळणे थांबविल्यावर पायस वर तरंगते, व शुद्ध झालेले पाणी खालून काढून घेता येते. पुढे विजेच्या उच्च दाबाने पायस फोडले, की तेल पुन्हा उपयोगी पडते.

अमेरिकेतील नॉर्मन ली यांना द्रवपटलाचे पेटंट १९६८ साली मिळाले. ऑस्ट्रियातील लेंझिंग येथे कृत्रिम धाग्याच्या कारखान्यातील सांडपाण्यातून जस्त काढण्यासाठी १९८६ च्या सुमारास ही रीत प्रत्यक्ष योजिली गेली. धातू आपणहून तेलात शिरत नाही. म्हणून त्याला पैलतीरी नेणारे वाहक द्रव्य तेलात मिसळावे लागते.

तथापि ही रीत निर्दोष नाही. फार ढवळल्यास गोळ्या फुटून कोंडलेले विष पुन्हा बाहेर पडते. फार वेळ ठेवल्यास त्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे प्रयोगशाळांत बहुमान्य झालेली ही विद्या कारखान्यांत मात्र विरळाच दिसते. ही उणीव भरून काढणे हे पुढील पिढीचे कार्य आहे.

येथेच माझी विनंती आहे. लातूर व नांदेडच्या शिकवण्यांत आपली मुले वैद्यकीय प्रवेशासाठी रात्रंदिवस झटतात. त्यांचे कौतुकच आहे. पण ज्यास तेथे प्रवेश मिळाला नाही, त्याचे जीवन वाया गेले असे घरातील वडीलधाऱ्यांनी कृपा करून समजू नये. नांदेडला १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखाही २०१८ पासून जालन्यास आहे. वैद्य रोग बरा करतो; पाणी शुद्ध करणारा रोग होऊच देत नाही. आपल्या शिष्यवृत्तींपैकी एक तरी दरवर्षी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास द्यावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.