मंत्र्याच्या घरातलं दप्तर



2016 साली डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले ते मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांच्या जोरावर. तिन्ही मिळून त्यांची आघाडी होती सुमारे 78 हजार मतांची. देशभरात मात्र हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून अधिक मतं जास्त पडली होती. इतक्या थोडक्यात हुकलेल्या निवडणुकीला कारणं पुष्कळ असतात. मी आज एकाच कारणाविषयी बोलणार आहे, कारण ते टाळता आलं असतं.

क्लिंटन जानेवारी 2009 मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या. पुढची चार वर्षं त्यांनी कामासाठी सरकारी ईमेल वापरलाच नाही. न्यूयॉर्क राज्यात चॅपाक्वा इथे त्यांचं घर आहे. तिथल्या खासगी सर्व्हरवर त्यांचं खातं होतं. पूर्वीचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीही खासगी ईमेल वापरला होता, पण मंत्रिपदाचा सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणं ही त्याच्या फार पुढची गोष्ट झाली. अमेरिकेत 1950 पासून सरकारी अभिलेखांचा कायदा आहे. मंत्र्याने कामासाठी लिहिलेलं पत्र त्याच्या मालकीचं नसतं, ते खात्याच्या दप्तरी जमा व्हावं लागतं. 1966 च्या कायद्याने नागरिकाला ते मागण्याचा हक्कही दिला. डिसेंबर 2012 मध्ये एका संस्थेने नेमकं हेच विचारलं: मंत्र्यांची ईमेल खाती कोणती? काही महिन्यांनी उत्तर आलं की अशी नोंद सापडत नाही. आणि खात्यातल्या कितीतरी अधिकाऱ्यांना त्यांची पत्रं त्याच खासगी पत्त्यावरून येत होती! या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि प्रचारात तिची चर्चा जवळजवळ झाली नाही.

2014 च्या अखेरीस, खात्याने मागितल्यावर, त्यांनी 30 हजारांवर ईमेल छापून दिले. जवळजवळ 32 हजार खासगी ठरवले गेले आणि पुढे पुसले गेले. निवड केली त्यांच्याच वकिलांनी, तीही प्रत्येक पत्र न वाचता, शोधशब्दांच्या आधारे. परीक्षा देणाऱ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असं हे झालं. पुसलेल्यांत मुलीच्या लग्नाची, आईच्या अंत्यविधीची पत्रं होती, असं त्या म्हणाल्या. ते खरंही असेल. पण ते दाखवायला त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. दिलेल्या गठ्ठ्यात नसलेली कामाची हजारो पत्रं एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेला नंतर तपासात सापडली. ती दडवण्यासाठी मुद्दाम पुसल्याचा पुरावा नाही, हेही एफबीआयनेच सांगितलं. पण तोवर कोण ऐकणार? सरकारी दप्तर मंत्र्यावर अंकुश ठेवतं हे आपण जाणतो. अडचणीच्या वेळी तेच त्याच्या बाजूने साक्षही देतं. क्लिंटन यांनी तो साक्षीदारच गमावला होता.

5 जुलै 2016 रोजी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी त्यांना अत्यंत निष्काळजी म्हटलं, पण खटल्याची शिफारस केली नाही. 28 ऑक्टोबरला त्यांनी अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे संसदेला, कळवलं की आणखी ईमेल सापडले आहेत. ते क्लिंटन यांच्या एका सहकारी महिलेच्या पतीच्या लॅपटॉपवर मिळाले होते. 6 नोव्हेंबरला त्यांनीच सांगितलं, निष्कर्षात बदल नाही. 8 तारखेला मतदान झालं. कोमी यांनी ते पत्र त्या वेळी पाठवायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पत्रामुळेच निवडणूक फिरली का, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. पण ईमेलचं प्रकरण उघडकीस आल्यापासून मतदारांच्या मनात दीड वर्ष साचलेला संशय नसता, तर त्या पत्राला एवढं बळ आलं नसतं. क्लिंटन यांच्याविषयी काय ऐकलंत, असं गॅलप या जनमत चाचणी संस्थेने लोकांना विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता ‘ईमेल’.

तुम्ही विचाराल, मग ट्रम्प यांचं काय? फ्लोरिडातल्या निवासस्थानी गोपनीय कागद ठेवल्याबद्दल जून 2023 मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं, जुलै 2024 मध्ये न्यायाधीशांनी खटला रद्द केला, आणि नोव्हेंबरात ते जिंकले. प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, शिस्तीचा आणि कारभारातल्या तयारीचा दावा करून ट्रम्प यांनी मतं मागितली नव्हती. क्लिंटन यांनी मागितली होती. दप्तरातल्या गोंधळाने त्यांचा तोच दावा कमकुवत केला.

क्लिंटन यांच्या ईमेलविषयीची परराष्ट्र खात्याची स्वतःची चौकशी 2019 मध्ये संपली. 38 जणांकडून 91 वेळा सुरक्षेचे नियम मोडले गेल्याचं तिच्यात आढळलं. गोपनीय माहिती जाणूनबुजून, सर्रास गैरमार्गाने हाताळल्याचा खात्रीलायक पुरावा मात्र मिळाला नाही.