छप्पन्न अंश आणि दीड अंश

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तू इंजिनिअर आहेस, जागतिक तापमानवाढीवर सोप्या भाषेत दहा मिनिटं बोल." मी सॉफ्टवेअरवाली, हवामानतज्ज्ञ नव्हे. तरी हो म्हटलं, कारण या विषयात मी आपल्याच ग्रुपवर तोंडघशी पडले आहे.

३० मे २०२४ ची गोष्ट. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. मी बातमी वाचली आणि लगेच ग्रुपवर टाकली, "नागपूरची भट्टी झाली!" पाच मिनिटांत आपल्या भूगोलाच्या बाईंचा निरोप आला, "आधी सोनेगावच्या वेधशाळेचा आकडा बघ." बघितला, तर पारा छप्पन्नच्या जवळपासही नव्हता. पुढे हवामान खात्यानेच सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. नागपूरचा अधिकृत नोंदीतला उच्चांक ४७.९ अंशांचा, मे २०१३ चा.

एका नोंदीवर विश्वास ठेवू नका, हे मी ऑफिसात नव्या मुलांना रोज सांगते. त्या दिवशी मीच विसरले. पण खरं दुखलं ते नंतर. आपला काटोलकडचा संत्र्याच्या बागेवाला मित्र लिहून गेला, "म्हणजे तुमचं ते ग्लोबल वॉर्मिंगही असंच! नागपुरात ऊन काय आज पडलं का?" माझ्या घाईमुळे त्याच्या मनातून खरी गोष्टही उतरली. आजचं बोलणं म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

मित्रा, ऊन नवं नाही. नवतपा आपल्या आज्यांनाही माहीत होता. खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा बांधूनच आपण उन्हाळे काढले. बदललं आहे ते आभाळातलं पांघरूण.

डिसेंबरातली रात्र आठवा. आभाळ निरभ्र असलं की हुडहुडी भरते आणि ढग आले की थंडी पळते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. ढग ती अडवतात आणि थोडी खाली परत पाठवतात. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू डोळ्यांना न दिसता हेच काम करतात. सूर्याचा प्रकाश ते आत येऊ देतात, पण जमिनीची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाहीत. हे पांघरूण वाईट नाही. ते नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं. आज ते सुमारे १५ आहे. कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो, हे अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईने १८५६ साली काचेच्या नळ्या आणि थर्मामीटर घेऊन दाखवलं होतं.

अडचण ही की आपण एका गोधडीवर दुसरी घालतोय. आठवीनववीतलं रसायनशास्त्र आठवा: १२ किलो कार्बन जळाला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जगभर अशा चिमण्या आहेत, गाड्या आहेत. आणि मीही त्यात आले. माझे सर्व्हर ज्या विजेवर चालतात, त्यातली बरीचशी कोळशाचीच. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली, म्हणजे आपल्या नागपुरात नीरीची स्थापना झाली त्याच वर्षी, हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे नियमित मोजणी सुरू झाली. तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे.

याचा परिणाम? २०२४ मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होतं. हा एका सेन्सरचा आकडा नाही. हजारो केंद्रं, जहाजं आणि समुद्रात तरंगणारी उपकरणं यांच्या नोंदी त्यात आहेत, आणि वेगवेगळ्या देशांच्या संस्था स्वतंत्रपणे हिशोब करून जवळपास तिथेच पोचतात. एका वर्षावर जायचं नसेल तर हे घ्या: २०२४ पर्यंतच्या नोंदींमध्ये २०१५ ते २०२४ ही सर्वांत उष्ण दहा वर्षं होती. छप्पन्न अंश खोटे होते. हा दीड अंश खरा आहे.

दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ कधीतरी एकदम कोसळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. त्या एका पावसाचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडणार नाही. नाले आणि बांधकामं यांचाही त्यात वाटा आहे. पण असे पाऊस वाढण्याचं कारण हेच. आणि मित्रा, उन्हाळ्यात अंबिया बहाराची फळं गळतात तेव्हा एकेक अंश किती महाग पडतो, हे तू मला शिकवायला हवंस.

आता शेवटचं. आज सकाळी मी आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसले. टिनाचं तेच छप्पर, खाली मुलं आणि एक पंखा. आपल्या बॅचने शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायचं ठरवलं आहे, वर आपल्या बॅचचं नाव. बाई, सर, मित्रहो, मी विनंती करते की कमान राहू द्या. त्या पैशात सगळ्या टिनांना ऊन परतवणारा पांढरा रंग देऊ, आतून छत लावू आणि मैदानाच्या पश्चिमेला कडुलिंब लावू. त्याने पृथ्वी थंड होणार नाही. त्यासाठी कोळसाच कमी जाळावा लागेल. पण एप्रिलमधला गणिताचा तास मुलांना सुसह्य होईल. झाडांना पाणी घालायची जबाबदारी नागपुरात राहणाऱ्यांनी घ्यावी. रंगाचे पैसे कमी पडले तर ते माझ्या नावावर लिहा.