पासवर्ड कुणाकडे असतो?

(संघटनेच्या पुण्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'परदेशात राहताना लॅपटॉप आणि बिनतारी इंटरनेट' असा विषय मला दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. मी भूगोल शिकवत होते. शिवाय अमेरिकेचा अनुभव सांगायला उभं राहिलं की माणूस नकळत मिरवायला लागतो, आणि ते ऐकायला तुम्ही रविवारची सकाळ कशाला घालवायची? पण मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी सांगितलं की सल्ला केंद्रात आलेल्या बाईला त्यांनी मोबाईलवर माहिती पाठवली आणि ती तिच्याआधी नवऱ्याने वाचली. ते ऐकलं आणि वाटलं, मला सांगण्यासारखं आहे.

मी २००६च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला गेले. नवऱ्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, त्याचा एच-१बी व्हिसा. मी मागोमाग एच-४वर. एच-४ म्हणजे अवलंबितांचा व्हिसा. बायको आणि मुलं, एका खात्यात. त्यावर नोकरी करता येत नाही. नोकरीचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नंबर नाही म्हणून घराचं भाडं, वीज, टेलिफोन, केबल, सगळं नवऱ्याच्या नावावर. (२०१५पासून एच-४वरच्या काही जणींना कामाचा परवाना मागता येतो, त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डचा मामला ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेला असावा लागतो. म्हणजे तिथेही पाऊल त्याने आधी टाकायचं. आमच्या वेळी तेवढंही नव्हतं.) पुण्यात अकरा वर्षं पगार घेतलेली मी, तिथे एका कागदावरही माझ्या नावाने काही उरलं नाही.

माझा एक लॅपटॉप मात्र होता. मी २००३च्या सुरुवातीला पगारातून हप्त्याने घेतलेला, चांगला वजनदार. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. आईने दिलेला मिक्सर तिथे नुसता गुरगुरायचा, चटणी काही वाटायचा नाही. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर मात्र बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, तेव्हा फक्त पिन बदलावी लागली. बायकांनो, सामान भरताना ती बारीक अक्षरं वाचत चला. नवऱ्याने 'तुझा तिकडे चालणार नाही, ठेव इथेच' असं सांगितलं होतं. त्याने ते वाचलं नव्हतं, आणि खरं तर मीही विमानतळावर निघण्याच्या आदल्या रात्रीच वाचलं.

त्यात वायफाय नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो बाजारात आणलं आणि मग वायफाय आतच बसवलेले लॅपटॉप सर्रास मिळू लागले, माझा त्याआधीचा. बाजूच्या खाचेत पत्त्याएवढं कार्ड सरकवायचं, की ते हवेतल्या लहरी पकडायचं. ते कार्ड मी घरखर्चातून पैसे वाचवून घेतलं. माझ्या नोकरीच्या पैशाने घेतलेल्या यंत्राला नवऱ्याच्या पैशाने कान लावले, असं मी तेव्हा मैत्रिणीला लिहिलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरात केबलचं इंटरनेट आणि एक राउटर होता. पासवर्ड नवऱ्याने ठेवलेला. माझा नवरा वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्ट समजायला ते लागतं. दुसऱ्या वर्षी आमचं भांडण झालं. मला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात एक अभ्यासक्रम करायचा होता, एच-४वर शिकायला परवानगी असते, आणि फी त्याच्या पगारातून जाणार होती. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड चुकीचा. मला वाटलं मीच काहीतरी चुकतेय. चार वेळा, पाच वेळा घातला. मग लक्षात आलं. दोन दिवसांनी त्याने नवा पासवर्ड हसत हसत सांगितला. त्याला ती गंमत वाटली होती. त्याने मला घरात कोंडलं नव्हतं, हात उगारला नव्हता. पण माझी आई, माझ्या मैत्रिणी, तुमच्यातल्या काही जणी, कॉलेजचा अर्ज, हे सगळं त्या आठ अक्षरांच्या पलीकडे होतं आणि ती अक्षरं त्याच्याकडे होती.

त्या दोन दिवसांत मी काय केलं? शेजाऱ्यांचं वापरलं. तेव्हा राउटर कारखान्यातून यायचे ते बहुधा बिनपासवर्डचे, आणि लोक तसेच लावायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवला की 'लिंकसिस' नावाचं एक उघडं जाळं सापडायचं. एक काडी, कधी दोन. फ्रीज उघडला की जायची, असं मला वाटायचं. मायक्रोवेव्ह लावला की खरोखरच जायची, कारण दोघांच्या लहरींची वारंवारता जवळपास एकच. म्हणून भाकरी गरम न करता खाल्ली. पण जीव घाबरा. २००७ सालीच मिशिगन राज्यात कॉफीच्या दुकानाबाहेर गाडीत बसून त्यांचं वायफाय वापरणाऱ्या एका माणसाला ४०० डॉलर दंड आणि ४० तास समाजसेवेची शिक्षा झाली होती. नागरिकाला दंड भरून घरी जाता येतं. अवलंबित बायकोने पोलिसांच्या कागदावर यायचं म्हणजे नवऱ्याचाही व्हिसा धोक्यात, असं आम्ही सगळ्या जणी धरून चालायचो. ते कितपत खरं, हे विचारायचं कुणाला?

कॉफीच्या दुकानात बसावं तर तिथेही फुकट नव्हतं. आज तुम्ही अमेरिकेत गेलात तर स्टारबक्समध्ये सहज जोडता. ती सोय सगळीकडे फुकट झाली १ जुलै २०१० पासून. त्याआधी तासाचे, महिन्याचे पैसे, आणि ते क्रेडिट कार्डावर. कार्ड कुणाचं, ते सांगायला नको.

उरलं सार्वजनिक वाचनालय. घरापासून अडीच मैल, बस तासाला एक. आत वायफाय फुकट, पण ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्रासाठी त्या गावात राहत असल्याचा पुरावा. काउंटरवरच्या वयस्क बाईंनी विचारलं, विजेचं बिल आहे? नवऱ्याच्या नावावर. घरभाड्याचा करार? नवऱ्याच्या नावावर. बँकेचं पत्र? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, तुमच्या नावाने टपालाने काहीही येत नाही का? येत होतं, मैत्रिणींनो. आपलं त्रैमासिक. पुढच्या खेपेला मी त्याचं वेष्टन नेलं, भारताचा शिक्का, माझं नाव, माझा पत्ता. त्यांनी त्याची झेरॉक्स काढली आणि कार्ड दिलं. तेव्हा आपल्या वर्गणीदार ताईंना सांगा, अंक वेष्टनासकट जपून ठेवा.

पुढची साडेतीन वर्षं मी त्या वाचनालयात काढली म्हटलं तरी चालेल. सकाळी दहाला उघडायचं, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. तुमच्या बैठका संपायची वेळ. तुम्ही इतिवृत्त पाठवायचात ते निरनिराळ्या फॉन्टमध्ये, आणि माझ्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती चिन्हं. युनिकोड चालू करायला विंडोजची मूळ सीडी लागायची, ती पुण्यात माळ्यावर राहिली होती. भावाने टपालाने पाठवली. बोलायचं असलं तर वाचनालयात आवाज करता येत नाही म्हणून दोन दारांच्या मधल्या थंड जागेत उभं राहून स्काइपवर बोलायचं, लॅपटॉप एका हातावर. तो साडेतीन किलोचा तरी असेल. माझा उजवा खांदा अजून त्याची आठवण काढतो.

तिथेच ती मला भेटली. तिचं नाव, भाषा, गाव यांतलं मी काहीच सांगणार नाही. लहान मुलाला गोष्टींच्या तासाला घेऊन यायची. तिच्या नवऱ्याला तिने बहिणीला लिहिलेलं प्रत्येक वाक्य कळत होतं आणि त्यावरून मार बसत होता. मी म्हटलं, इथून लिही. ती म्हणाली, नाही, उघडं वायफाय फार धोक्याचं असतं, कोणीही वाचतं. कुणी सांगितलं? नवऱ्याने.

आता यात गंमत अशी की तो खोटं बोलत नव्हता. त्या काळी बरीचशी संकेतस्थळं मजकूर उघडाच पाठवायची. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये 'फायरशीप' नावाची एक छोटी आज्ञावली कुणीतरी मुद्दाम प्रसिद्ध केली. त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या खात्यात तिने सहज शिरता येतं हे सगळ्यांना दिसलं आणि मोठ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत पुढच्या काही वर्षांत बहुतेक सगळीकडे आली. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, ते तेच. म्हणून आज वाचनालयाच्या किंवा स्टेशनच्या वायफायवरचा अनोळखी माणूस तुमची पत्रं वाचेल ही भीती पूर्वीपेक्षा खूप कमी आहे.

पण त्या बाईची पत्रं काही अनोळखी माणूस वाचत नव्हता. तिचं ई-मेलचं खातं लग्नानंतर पहिल्या आठवड्यात नवऱ्यानेच उघडून दिलं होतं. पासवर्ड त्याला ठाऊक, 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय' या गुप्त प्रश्नाचं उत्तरही त्याला ठाऊक. तिने कितीही वेळा पासवर्ड बदलला असता तरी तो आत शिरला असता. वायफायची लहर कितीही सुरक्षित असो, घराची किल्लीच त्याच्या खिशात होती. आम्ही वाचनालयाच्या संगणकावर बसलो, माझ्या लॅपटॉपवर नाही, कारण तिथला संगणक वेळ संपली की सगळं पुसून टाकायचा. नवं खातं उघडलं. गुप्त प्रश्नाला धडधडीत खोटं उत्तर दिलं. घरच्या खात्यावरून ती पूर्वीसारखंच लिहीत राहिली, पाककृती आणि बाळाचे दात, म्हणजे त्याला संशय नको. न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संघटना १९८५पासून काम करते. तिकडे फोन करायचा तर महिन्याच्या बिलावर आकडा छापून येणार. तेव्हा पहिलं पत्र त्या नव्या खात्यावरून गेलं. पुढे ती कुठे गेली ते मला माहीत आहे. ते मी सांगत नाही.

कायद्याचं एक सांगायला हवं. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने, नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर छळ सोसणाऱ्या बायकोला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. एच-१बीवाल्याच्या बायकोला ती वाट नाही. तिला निदान कामाचा परवाना मिळावा ही तरतूद २००५च्या दुरुस्तीत झाली, आणि ते अर्ज घ्यायला सुरुवात व्हायला २०१७ उजाडलं. आपल्याकडे परदेशातल्या स्थळांना मुली देताना पगार विचारतात, व्हिसाचं अक्षर आणि आकडा कुणी विचारत नाही.

इकडची परिस्थिती काय? २००८मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीची ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने वायफायला कुलूप लावण्याचे आदेश काढले. कुलूप आलं ते योग्यच झालं. पण घरात किल्ली कुणाकडे, हा प्रश्न त्या आदेशात असणार नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका ५४ टक्के. टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रारींसाठी व्हॉट्सॲपचा क्रमांक दिला. चांगलं केलं. पण आपल्या वस्तीत घरटी एक फोन, आणि तो कामाला न गेलेल्या नवऱ्याच्या हातात.

म्हणून केंद्रात बाई आली की आपण सल्ला देण्याआधी विचारायला हवं: हा फोन कुणाचा? रिचार्ज कोण करतं? खातं कुणी उघडून दिलं? ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो? तुमच्या फोनवर आलेला निरोप आणखी कुठल्या संगणकावर उघडा राहतो का? व्हॉट्सॲपमध्ये 'जोडलेली उपकरणं' असं पान असतं, ते तिला तिथेच उघडून दाखवा. मात्र 'सगळं पुसून टाका' असं घाईने सांगू नका. कोरा झालेला फोन पाहून नवरा काय करेल हे आपल्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिलाच ठरवू द्या. मी त्या वाचनालयात पहिल्या दिवशी 'जुनं खातं बंदच करून टाक' असं म्हणाले होते. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी कधी मार खाल्लेला नव्हता, एवढं तिला त्या वाक्यावरून कळलं असावं.

माझ्या नवऱ्याचं विचाराल, म्हणून सांगते. आम्ही २०११ला परत आलो. अभ्यासक्रम मी पूर्ण केला. घरच्या राउटरचं खातं इथे माझ्या नावावर आहे आणि पासवर्ड फ्रीजवर चिकटवलेला आहे, पाहुण्यांसकट सगळ्यांना दिसेल असा. तो गंमत विसरलाय. मी विसरलेले नाही.

बोलणं लांबलं. जेवणानंतर दोन-दोघींनी बसून एकमेकींच्या फोनमधली ती पानं उघडून बघूया. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी खिडकीकडच्या बाजूला बसा. या सभागृहात प्लगपॉइंट दोनच आहेत, एक्स्टेन्शन बोर्ड मी आणलाय.