दोन्ही ट्रॅक ८ए, तरी बेसूर का?

हेडफोन लावलेत ना? लावाच, कारण आज सगळं काम कानांचं आहे. आजचा विषय आहे टेक्नो सेटमध्ये टेम्पो आणि सूर एकत्र कसे सांभाळायचे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. माझा पहिलाच मोठा सेट होता. १३६ बीपीएमचा एक ट्रॅक चालू होता, की ८ए. त्यावर मला दुसरा आणायचा होता. तोही ८ए, पण मूळ वेग १२८. फेडर वर ढकलला, दोन्ही किक एकदम जुळल्या. मी खूश! मग दुसऱ्याचा सिंथ उघडला आणि असं काही बेसूर वाजलं की समोरच्या दोघी चक्क कान धरून बाहेर गेल्या. स्क्रीन म्हणत होती ८ए आणि ८ए. मग चुकलं कुठे?

आधी हे ८ए म्हणजे काय ते बघू. कॅमलॉट चक्रात घड्याळासारखे १ ते १२ आकडे असतात. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. सोपा नियम असा: आकडा तोच ठेवा, नाहीतर शेजारचा घ्या, नाहीतर त्याच आकड्यावर ए-बी बदला. ८ए म्हणजे ए मायनर, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहाचा सा. शेजारचा ९ए पांढरी तीनचा, म्हणजे त्याचा पंचम. ७ए पांढरी दोनचा, म्हणजे मध्यम. तंबोऱ्याची पहिली तार प किंवा म ला का लावतात, ते आठवा. नातं तेच आहे. ८ए आणि ९ए मध्ये सातपैकी सहा स्वर सारखे असतात, म्हणून ते एकमेकांत मिसळतात.

आता माझी चूक. की लॉक बंद होतं. काही प्लेअरवर यालाच मास्टर टेम्पो म्हणतात. ते बंद असलं की वेग वाढवला तर सूरही चढतो. हिशेब लक्षात ठेवा: साधारण ६ टक्के वेग म्हणजे पेटीवरची एक पट्टी. १२८ वरून १३६ म्हणजे सव्वासहा टक्के. माझा पांढरी सहाचा ट्रॅक काळी पाचवर गेला होता, म्हणजे ८ए चा ३ए झाला होता. स्क्रीनवरचा आकडा मात्र मूळ वेगाचाच होता.

आणि गंमत बघा, सगळ्यात वाईट जागा ६ टक्क्यांची नाहीच. ती आहे ३ टक्क्यांची! तिथे ट्रॅक दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतो, ना इकडचा ना तिकडचा. पूर्ण एक पट्टी चढला तर निदान नवीन की धरून जोडीदार शोधता येतो. आकड्यात ७ मिळवायचे, १२ च्या पुढे गेलं तर १२ वजा करायचे.

मग सरळ की लॉक चालू का नाही ठेवायचं? ठेवा की. पण बदल मोठा असला की किक मऊ पडते, तिचा ठोसा जातो. आणि टेक्नोत किक गेली तर उरलं काय? म्हणून मी सेट चढता लावतो. १३० पासून सुरू करून प्रत्येक ट्रॅकला अर्धा-एक बीपीएम. एक टक्क्याच्या आतला फरक सहसा कुणाच्या कानाला टोचत नाही.

टेम्पोचंही एक सांगतो. ०.१ बीपीएमचा फरक किरकोळ वाटतो ना? १३५ वर एका मिनिटात दोन किकमध्ये ४४ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. एका ठोक्याच्या जागी टापांसारखे दोन ऐकू येतात. सिंक वापरा, लाज कसली, पण ग्रिड चुकलेली असेल तर सिंकही चुकणार. जॉग व्हीलवर बोट असू द्या.

दोन की जुळतच नसतील तर? नुसत्या तालाचा एखादा ट्रॅक मध्ये घाला. एकाचा बेस पूर्ण कापा, कारण भांडण तिथेच सगळ्यात मोठं होतं. किंवा मिक्स छोटा ठेवा. १९९६ साली आलेला जेफ मिल्सचा टोकियोच्या लिक्विड रूममधला मिक्स ऐका. विनाइलवर की लॉक कुठून असणार! पण रेकॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की भांडायला वेळच मिळत नाही.

तबलजी मैफलीआधी काय करतो? गायकाचा सा ऐकतो आणि हातोडीने तबला त्या सुराला लावतो. तबल्यावर आकडा चिकटवलेला नसतो. आपणही पुढचा ट्रॅक आत घेण्याआधी हेडफोनमध्ये दोन्ही एकत्र ऐकायचे. मी त्या रात्री तेवढंच केलं नव्हतं.

आता गृहपाठ. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावा आणि ट्रॅकच्या सुराला जुळवा. मग की लॉक बंद ठेवून ट्रॅक आधी १, मग ३, मग ६ टक्क्यांनी वाढवा. कुठे टोचलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!